मदत हवी आहे: मानसिक आघाताची चाचणी घेण्यासाठी कोणती प्रश्नावली वापरावी?

कोरांटी: प्रबंधासाठी प्रौढांनी स्वतः भरावयाची, मानसिक आघाताची लक्षणे तपासणारी प्रश्नावली हवी आहे. पीसीएल-५, आयईएस-आर आणि आयटीक्यू ही नावे मिळाली आहेत. शुक्रवारी मार्गदर्शकांना आराखडा द्यायचा असल्यामुळे यांपैकी एक कोणती घ्यावी, एवढेच कृपया सांगावे.

आकडेमोड: उत्तरदाते कोण आहेत, घटना कोणती आणि ती घडून किती काळ लोटला आहे, हे कळल्याशिवाय काय सांगणार? पीसीएल-५ मागील महिन्याविषयी विचारते, तर आयईएस-आर केवळ मागील सात दिवसांविषयी.

हिरवी शाई: डोळे झाकून पीसीएल-५ घ्या. २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण आणि शुल्क काहीही नाही. बेरीज ३३ च्या पुढे गेली की पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार), विषय संपला.

सातारकर समुपदेशक: विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. ३१ ते ३३ ही केवळ शक्यता दाखवणारी मर्यादा आहे आणि तीसुद्धा लोकसमूह व चाचणीचा हेतू पाहून बदलावी लागते. निदानासाठी प्रशिक्षित व्यक्तीने सीएपीएस-५ सारखी मुलाखत घ्यावी लागते. प्रबंधात 'पीटीएसडीचे रुग्ण' असे लिहिलेत, तर परीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेतील.

मोगरा: ताई, आपणांस स्वतःस त्रास होत असल्यास संकोच न करता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

कोरांटी: त्रास मला नाही, आभारी आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात घरे गमावलेल्या कुटुंबांचा अभ्यास आहे. हे विषयावरून लक्षात येईल असे वाटले होते. बरेच उत्तरदाते वाचू शकत नाहीत, त्यामुळे प्रश्न मीच वाचून दाखवणार आहे.

आकडेमोड: विषय आपण लिहिलाच नव्हता! आणि वाचून दाखवल्यावर ती स्वतः भरलेली प्रश्नावली राहत नाही. समोर बसलेल्या अनोळखी व्यक्तीला माणसे निराळी उत्तरे देतात. पद्धतीच्या प्रकरणात याची नोंद हवी.

सातारकर समुपदेशक: त्याहून मोठी अडचण अशी की घर गेले म्हणजे डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-नियमावलीच्या अर्थाने आघात झालाच, असे होत नाही. जो पुराच्या पाण्यात अडकून मरता मरता वाचला तो त्या निकषात बसतो. जो त्या दिवशी परगावी होता आणि परतल्यावर पडलेल्या भिंती पाहिल्या, तो केवळ तेवढ्यामुळे बसत नाही. म्हणून आधी एलईसी-५ ही घटनांची यादी द्यावी, जिच्यातील पहिलीच बाब नैसर्गिक आपत्ती आहे, आणि नंतर पीसीएल-५ द्यावी. परगावी असलेल्याचे दुःख खरेच आहे, पण त्यासाठी नैराश्याची पीएचक्यू-९ अधिक उपयोगी पडेल.

हिरवी शाई: एका साध्या प्रबंधाला तीन-तीन प्रश्नावल्या? अशाने उत्तरदाते उठून जातील.

पांथस्थ: मी आयटीक्यूच सुचवेन. १८ प्रश्नांत ती आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाप्रमाणे पीटीएसडी आणि जटिल पीटीएसडी (ज्यात भावनांवरील ताबा, स्वतःविषयीचे मत आणि नातीही बिघडतात) वेगळे करते, शिवाय दैनंदिन जीवनावरील परिणामही विचारते.

सातारकर समुपदेशक: वेगळेपण मान्य, परंतु जटिल प्रकार हा अभ्यासाचा प्रश्नच नसेल, तर तो भाग कशासाठी? आणि मोगरा यांनी दिलेला क्रमांक टाकून देऊ नका. जास्त गुण आलेल्या व्यक्तीला कुठे पाठवणार, हे संशोधनाची नैतिकता समिती विचारेलच.

कोरांटी: एलईसी-५ आणि पीसीएल-५ घेते. मराठी अनुवाद कोणी वापरला आहे का? नसल्यास मीच रात्रीतून करते.

आकडेमोड: रात्रीतून नको. दुसऱ्या व्यक्तीकडून उलट, म्हणजे मराठीतून पुन्हा इंग्रजीत, अनुवाद करून मूळाशी ताडावा लागेल आणि त्याच भागातील काही जणांना वाचून दाखवून काय समजले, ते विचारावे लागेल. आराखड्यात शुक्रवारपर्यंत एवढी योजना लिहिली तरी चालेल.