‘गो’ : कोशात एक नोंद की सात?

अनुस्वार : शाळेच्या ग्रंथालयासाठी छोटा शब्दकोश तयार होतोय. ‘गो’खाली गाय, किरण, वाणी, मालवणीतली हाक, जपानी पाच, पटावरचा खेळ आणि संगणकभाषा एवढे अर्थ जमलेत. सगळे एकाच नोंदीत द्यावेत की वेगवेगळे? निकष कोणता लावायचा?

कोशवाचक : निकष व्युत्पत्तीचा. संस्कृत ‘गो’चे गाय, किरण, पृथ्वी, वाणी, इंद्रिय हे अर्थ एकाच नोंदीत, क्रमांक घालून द्या. ज्यांचं मूळ वेगळं त्यांना स्वतंत्र नोंद. मालवणी-कोकणीतला ‘गो’ बाईमाणसाला हाक मारताना येतो (पुरुषाला ‘रे’), तिथे ‘अव्यय’ लिहायला विसरू नका.
जास्त चुका होतात त्या साधित शब्दांत. स्वरापुढे ‘गो’चा ‘गव’ होतो : गो + अक्ष = गवाक्ष, गो + एषणा = गवेषणा. फक्त ‘गो’ने सुरू होणारे शब्द गोळा केलेत तर हे हातचे जातील, पंचगव्यही सुटेल. उलट ‘गोड’मध्ये गाय नाही, तो ‘गुड’वरून आलाय.

तांदूळवाला : जपानीतही ‘गो’ एक नाही. पाच, भाषा (‘निहोंगो’ म्हणजे जपानी भाषा, त्यातला) आणि खेळ, तिघांची चित्राक्षरं वेगळी. चौथा दीर्घ उच्चाराचा, मापाचा. देवनागरीत ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, म्हणून तो ‘गोओ’ असा लिहावा. या नोंदीत आकडा हवाच : १ गोओ = सुमारे १८० मिली, तांदूळ साधारण १५० ग्रॅम; १० गोओ म्हणजे १ शो.
जपानी राइस कुकरसोबतचा कप याच मापाचा असतो आणि भांड्यातल्या रेघाही त्यावरच आखलेल्या असतात. २५० मिलीच्या कपाने दोन कप तांदूळ घेतले तर ३६०ऐवजी ५०० मिली होतात. मग पाणी २च्या रेघेपर्यंतच भरलं की ते कमी पडतं आणि भात कच्चा राहतो. शिवाय त्या रेघा आखूड, चिकट जपानी तांदळासाठी असतात. जुना कोलम असेल तर पाणी थोडं जास्त घाला.

काळी_सोंगटी : खेळाच्या नोंदीला ‘वेइची’ (चीन) आणि ‘बादुक’ (कोरिया) हे दुवे द्या, नाहीतर निम्मी माहिती सापडणारच नाही. चित्र काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा : १९ उभ्या, १९ आडव्या रेघा, सोंगट्या घरात नाही, छेदावर. छेद ३६१, काळ्या १८१, पांढऱ्या १८०, कारण पहिली खेळी काळ्याची. त्याची भरपाई म्हणून जपानमध्ये पांढऱ्याला ६.५ गुण मिळतात. तो अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी आहे, छापताना गाळू नका.

अर्धविराम : संगणकभाषा गूगलची, २००९मध्ये जाहीर झाली. नुसतं ‘गो’ शोधलं तर भलतंच हाती लागतं, म्हणून नोंदीत ‘गोलँग’ हे रूढ नावही द्या.