बाराटांगची चुनखडीची गुहा: सासूबाई आणि लेक सोबत, जमेल का?

मुलुंडची_मीरा: सुट्टीत अंदमानला चाललोय. पोर्ट ब्लेअरहून एका दिवसात बाराटांगची गुहा करायची आहे. सोबत नवरा, सासूबाई (६८, गुडघे दुखतात) आणि लेक (७, गाडी लागते). गाडी, बोट, खाणं धरून चौघांचे आठ हजार, वर एक रुपया नाही. कुणाचा अनुभव?

दादरकर_जुना: सरळ इनोव्हा करा. पैशाकडे बघू नका, माणूस एकदाच जातो. आम्ही हॅवलॉकलाही समुद्रासमोरची रूम घेतली होती.

भजीपाव: तिने बजेट लिहिलंय, वाचा की. मीरा, सीटवारी गाडी बघ. आणि पहाटेच निघा. जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लागते, गाड्यांचा पहिला ताफा सहाला सुटतो. ओळखपत्रं हाताशी ठेव. आमचा ड्रायव्हर उशिरा उगवला, पुढच्या ताफ्याची वाट बघत नाक्यावर समोसे खात बसलो.

प्रवासी_पक्या: वाटेत जारवा आदिवासी दिसतात का?

इतिहासवेडा: ती काय राणीची बाग आहे? तिथे थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला बंदी आहे, तुरुंगवास होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच त्यांच्या जंगलातून जाणारा तो रस्ता बंद करायला सांगितलं होतं. माझं मत, जाऊच नका.

दादरकर_जुना: तिथले लोकही त्याच रस्त्याने येतात-जातात. पर्यटकांनाच का बोल?

कोळीवाडा७८: एवढी यातायात कशाला? गेटवेवरून लाँच पकडा, तासाभरात घारापुरी. फक्त सोमवार सोडून.

इतिहासवेडा: घारापुरीची लेणी माणसांनी कोरलेली. बाराटांगची गुहा पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळून झालेली. छतातून थेंब ठिबकतात, त्यातला चुना साचून झुंबरं लोंबतात. हात लावू नका, घामाचा-तेलाचा थर बसला की काळी पडतात.

कोळीवाडा७८: म्हणजे जाऊ नका, पण गेलात तर हात लावू नका. बरं.

सुलूताई_पार्ले: मीरा, गुडघ्यांचं कुणी बोलतच नाहीये. बोटीतून उतरल्यावर साधारण दीड किलोमीटर चाल आहे, परत तेवढीच. मुळं, चिखल, दमट हवा. गुहेत दिवे नाहीत, गाइड टॉर्च मारून 'हे कमळ, हा गणपती' दाखवतो. मला गुहेपेक्षा खाडी आवडली. शेवटी ती इतकी अरुंद होते की खारफुटीच्या फांद्या डोक्यावर येतात, बोटवाला 'झुको, झुको' ओरडतो. सासूबाईंना हॉटेलवर ठेव.

भजीपाव: +१. आणि पहाटे निघा.

प्रवासी_पक्या: सासूबाईंना ठेवाच. लेकीला गाडी लागायची गोळी निघायच्या आधी द्या, वाटेत नाही.

मुलुंडची_मीरा: सगळ्यांचे आभार. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, पंढरीची वारी केलेय मी, दीड किलोमीटर काय सांगतात. काठी घेऊन त्या, नवरा आणि लेक जाणार, सीटवारी गाडीने. पहाटे उठणं मला जमत नाही, मी हॉटेलवर. आठ हजारांतले उरतील त्यात सुरमई खाईन.

दादरकर_जुना: इनोव्हाचा नंबर देऊ का?