बांधावरच्या भांडणापायी बंदूक जावी का?

काजूवाला
"एकदा गुन्हा शाबीत झाला की परवाना कायमचा रद्द करा, मग भांडण बांधावरचं का असेना." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. लिहिणाऱ्याने कधी शेतातल्या माळ्यावर डुकरं राखत रात्र काढली आहे का? माझ्या काकांनी 2011 साली पाटाच्या पाण्यावरून शेजाऱ्याच्या एक कानाखाली लगावली. साध्या मारहाणीचं कलम 323 लागलं, कोर्टात कबूल झाले, पाचशे रुपये दंड भरला. पुढे शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचं नूतनीकरण आलं, पोलिसांच्या अहवालात तो दंड निघाला आणि परवाना गेला. आजोबांच्या वेळची बंदूक! शस्त्र कायद्याचं कलम 9 काय सांगतं? हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली, तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं बंदी. कैद झाली तर. आणि पाच वर्षं, जन्मभर नाही.

काळा कोट
कलम 9 वर थांबू नका, 17 पण वाचा. सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली तर परवाना रद्द करता येतो, दंड असो वा कैद. मात्र कारण लेखी नोंदवावं लागतं. नुसता खटला चालू आहे एवढ्यावर परवाना काढता येत नाही, हे अलाहाबाद उच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलंय. काकांनी कलम 18 खाली अपील का नाही केलं?

काजूवाला
वकिलाची फी बंदुकीच्या किमतीपेक्षा जास्त होती म्हणून.

माहेरवाशीण
"एक कानाखाली" किती सहज लिहिलंत दादा. आमच्या शेजारी बायकोला मारल्याबद्दल नवऱ्याला दंडच झाला, कैद नाही. बंदूक ओटीवर खुंटीला असायची. नंतर त्याने हात उगारला नाही कधी. भांडण झालं की नुसता खुंटीकडे बघायचा आणि ती गप्प व्हायची. त्या बघण्याला कुठलं कलम लावायचं? अमेरिकेत बंदूक बाळगणं घटनेने दिलेला हक्क आहे, तरी तिथे 1996 पासून घरातल्या मारहाणीच्या किरकोळ शिक्षेनेही ती जाते. आपल्याकडे तर तो हक्कही नाही, परवाना आहे.

रानडुकरांनी पिडलेला
गुन्हेगारांचं जाऊ द्या, आमच्यावर एक साधी तक्रार नाही, तरी निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. 2024 मध्ये दोनदा! लोकसभेला काजूचा हंगाम, विधानसभेला भातकापणी. छाननी समितीने एकेकाचं प्रकरण बघून ठरवायचं असतं. आमच्याकडे सरसकट नोटिसा येतात. परत आणली तेव्हा नळीला गंज होता.

पोलीस पाटलाचा मुलगा
जमा करायलाच हवी. निवडणुकीत सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर जातात, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या भातासाठी गावाने जीव धोक्यात घालायचा?

रानडुकरांनी पिडलेला
भात कोणाचं खाता तुम्ही? डुकराला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते, आम्ही हवेत बार काढतो फक्त. त्या आवाजाचीही भीती वाटते का तुम्हाला?

पोलीस पाटलाचा मुलगा
आवाजासाठी फटाके आहेत.

रानडुकरांनी पिडलेला
चार दिवसांत डुकरं सरावतात फटाक्यांना. शेती केलेला माणूस हे बोलला नसता.

माहेरवाशीण
विषय शिक्षेचा होता. जुगाराच्या किंवा दारूच्या दंडासाठी बंदूक जाऊ नये, एवढं मान्य करते. माणसावर हात उचलला असेल तर नाही. आणि काजूवाले दादा, काकांच्या त्या शेजाऱ्याला कोणी विचारलंय का?

काजूवाला
ताई, तुमचं वाचून काल रात्री त्यांना फोन केला. म्हणाले, बंदूक द्या परत, माझी हरकत नाही. मग थोडं थांबून म्हणाले, त्या साली मात्र पाण्याची रात्रीची पाळी मी मुलाला दिली होती, स्वतः गेलो नाही. हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पाच वर्षं बंदूक काढून घेतली असती तर मी तक्रार केली नसती. पण आता काका सत्तरीत आहेत आणि परवान्याचा अर्ज अजून तिथेच पडून आहे.