पाचवी-आठवीचा निकाल शाळेच्या दारावर लावायला कायद्याने भाग पाडावं का?

भांडुपकर
पुतणी पाचवीत आहे. रविवारी वजाबाकी घेऊन बसलो, ५०२ वजा १७८. दशकाच्या घरात शून्य, मग उसना कुठून घ्यायचा? तिथेच अडली. प्रगतिपत्रकावर मात्र ‘समाधानकारक’. शिक्षणहक्क कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीची परीक्षा आली, नापास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३मध्ये नियम बदलले. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही अडलं तर पोर त्याच वर्गात. शाळेला जाब कोण विचारणार? मुलांचं वाचन-गणित तपासणारी ‘असर’ची पाहणी ग्रामीण भागाची. सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, आताचं ‘परख’, निवडक शाळांच्या नमुन्यावर चालतं, जिल्ह्याचं चित्र देतं. माझ्या गल्लीतल्या शाळेचं मला कळतच नाही. शाळेचा निकाल दारावर फळ्यावर लागलाच पाहिजे.

पालिकेच्या बाई
दादा, पुतणीचं वाचून वाईट वाटलं, पण फळ्याला माझा ठाम विरोध. मी गोवंडीत शिकवते. दिवाळीनंतर एक मुलगा थेट पाचवीत आला, कारण कायद्याने वयानुसार वर्ग द्यावा लागतो. जोडाक्षरं येत नव्हती. ‘रस्ता’ वाचताना ‘रसता’ म्हणायचा. मार्चपर्यंत अख्खा परिच्छेद वाचू लागला, गणितात मात्र राहिला. तुमच्या फळ्यावर तो नुसता नापास दिसेल. पुढच्या वर्षी अशा मुलाला दारातूनच परत पाठवायचा मोह शाळांना होईल. अमेरिकेत शाळेची इभ्रत गुणांना बांधली, तेव्हा अटलांटात शिक्षकांनीच उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या. २०१५मध्ये ११ जण दोषी ठरले.

परळची आई
बाईंचं पटतं. फळा वाचून ज्याच्या खिशात पैसे तो मूल उचलून दुसरीकडे नेईल. बाकीच्यांची मुलं तिथेच, वर शाळेची बदनामी.

भांडुपकर
ताई, पैसेवाल्यांना आजही आतली बातमी असते. अंधारात राहतो तो आमच्यासारखा. बाई, तुमच्या मुलाची ती मजलच मला फळ्यावर हवी: जूनमध्ये किंवा प्रवेशाच्या दिवशी वर्ग कुठे होता आणि मार्चमध्ये कुठे पोचला. नाव नको, वर्गाचा हिशेब द्या.

पालिकेच्या बाई
असा हिशेब मी आनंदाने देईन. पण दारावर नको, शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. तिथे तीन चतुर्थांश पालकच असतात. आणि त्याच कागदावर लिहा, किती पदं रिकामी आहेत, मतदार यादीच्या कामाला शिक्षक किती दिवस गेले.

भांडुपकर
ते लिहाच, माझी सही आधी घ्या. पण शिक्षणहक्क कायद्यातली ती समिती विनाअनुदानित शाळांना बंधनकारक नाही, आणि पुतणी तशाच शाळेत आहे. तिच्या आईबापांनी हिशेब मागायचा कुठे?