प्राडाची कोल्हापुरी : मान दिला की तोंड बंद केलं?

रंकाळेकर
परवा एका ग्रुपवर वाचलं, "प्राडाला शिव्या घालणाऱ्यांनी आता माफी मागावी. करार झाला, ८०० युरोला जोड विकणार, कोल्हापुरी जगात गेली." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात आपली पायताणं, आणि वर्णनात नुसतं 'लेदर सँडल'. इकडे ओरडा झाला, महाराष्ट्र चेंबर ह्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं पत्र धाडलं, तेव्हा कुठं प्राडाच्या मालक घराण्यातल्या लोरेन्झो बेर्तेल्लींचं उत्तर आलं की हो, भारतीय पारंपरिक चपलांवरून प्रेरणा घेतली. विचारल्यावर! बरं, ही मंडळी नवखी नाहीत. २०१० मध्ये ह्याच प्राडानं लखनवी चिकनकारीचे कपडे 'मेड इन इंडिया' असं लेबलावर मिरवत विकले होते. सोबत स्कॉटलंडचे किल्ट, पेरूची अल्पाका लोकर. कारागिरी कुठली ते लिहायचं असतं, हे त्यांना तेव्हा कळत होतं. २०२५ मध्ये विसरले?

बाजारू नाना
भावना जरा बाजूला ठेवा. कोल्हापुरीचा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९ चा. तो नावाला संरक्षण देतो, आकाराला नाही, आणि त्याची हद्द भारतापुरती. प्राडानं 'कोल्हापुरी' हा शब्द वापरलाच नव्हता. उच्च न्यायालयात याचिका गेली ती जुलैत फेटाळली, कारण याचिका करणारे वकील, जीआयचे मालक नव्हेत. कायद्यानं दमडीचं देणं नसताना कंपनी कोल्हापुरात माणसं पाठवते, डिसेंबरात आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसलंच सरकारी महामंडळ लिडकर ह्यांच्याशी करार करते, २००० जोड करायचं ठरवते. अजून काय आरती ओवाळायची? त्याच वर्षी व्हर्साची ही दुसरी फॅशन कंपनी घ्यायला १२५ कोटी युरो मोजणाऱ्यांचं तुमच्या चपलेवाचून अडलं नव्हतं.

चिमटा
नाना, आकडे तुम्हीच काढलेत म्हणून. २००० गुणिले ८०० म्हणजे १६ लाख युरो, तेही सगळे जोड खपले तर. प्राडा ग्रुपची २०२४ ची उलाढाल ५४० कोटी युरोंच्या आसपास. उपकार बघायला भिंग आणू का?

अथणीकर
कर्नाटकचं नाव निघालंच आहे म्हणून विचारतो. रंकाळेकर, 'आपली पायताणं' म्हणजे कुणाची? जीआयमध्ये आठ जिल्हे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तुमचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर आमचे. आमच्याकडं बनलेला माल तुमच्या पेठेत जातो आणि 'अस्सल कोल्हापुरी' होऊन बाहेर पडतो. खोक्यावर आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचं नाव लिहिलेलं कधी बघितलंय?

रंकाळेकर
आणला सीमावाद! अहो, नाव पेठेवरून पडतं. शाहू महाराजांनी ह्या धंद्याला आसरा दिला, कोल्हापूरनं गिऱ्हाईक उभं केलं, म्हणून तुमचाही माल खपतो.

अथणीकर
वा! पेठ त्यांची, गिऱ्हाईक त्यांचं, म्हणून नाव त्यांचं. मिलानवाले वेगळं काय करत होते?

चिमटा
😂 रंकाळेकर, पाणी प्या.

खडूस काकू
कोण कुणाचं चोरतंय ते राहू दे. मुलाच्या लग्नात व्याह्यांसाठी एका नावाजलेल्या दुकानातून जोड घेतले, नाव घेत नाही. पहिल्या पावसात तळ सुटला, आत पुठ्ठा! परत गेले तर म्हणाला, "काकू, पावसात कोण घालतं?" ८०० युरोवाल्या निदान पुठ्ठ्याच्या नसतील.

बाजारू नाना
काकू, पावसात खरंच घालत नाहीत.

खडूस काकू
पुठ्ठा उन्हात तरी चालतो का? दुकानदाराचे नातलग दिसताय.

सुभाषनगर
इतका वेळ गप्प होतो. माझं आजोळ ह्याच धंद्यातलं. लहानपणी बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा वास अंगाला असायचा, वर्गात शेजारी कुणी बसत नसे. तेव्हा 'आपली पायताणं' म्हणणारे कुठं होते? मामी रात्रीपर्यंत वेण्या घालायची, जोडामागं दुकानदार टेकवेल ते घ्यायचे. २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून म्हशीचं कातडं आणायलाही माणूस घाबरतो, वाटेत कोण अडवेल सांगता येत नाही. मामेभाऊ शेवटी पुण्याला रिक्षा चालवायला गेला. त्याच्यासाठी असा चर्चेचा धागा निघाला नाही. इटलीनं चप्पल घातली आणि सगळ्यांची अस्मिता जागी झाली.

रंकाळेकर, रागावू नका. प्राडानं विचारायला हवं होतं, हे तुमचं बरोबरच आहे. पण मामीला आजवर कुणीच विचारलेलं नाही.

रंकाळेकर
तुमच्यावर कशाला रागावू? पण इथल्या व्यापाऱ्यानं लुबाडलं म्हणून मिलानला माफी, हे मला पटत नाही.

बाजारू नाना
२०१० चा दाखला बिनतोड आहे, एवढं देतो. माझं बाकी म्हणणं कायम. करारात प्रशिक्षण आहे, काही कारागिरांना इटलीत शिकायला न्यायचंही ठरलंय. सुभाषनगर, तुमच्या माणसांनी अर्ज करावा.

सुभाषनगर
करतील की. आधी सांगा, ८०० तले कारागिराच्या हातात किती पडणार?

चिमटा
नाना टायपिंग...

चिमटा
नाना ऑफलाइन.

अथणीकर
तोवर आमचं मिटवू. कापशी चप्पल कागलकडच्या कापशी गावची, ती तुमची, लेखी देतो. बाकीच्या सातबाऱ्यावर आमचं नाव चढवा.

रंकाळेकर
चढवतो. आधी बेळगाव सोडा.