कमी टक्के आणि पहिली नोकरी
मार्क कमी आलेत आणि पहिली नोकरी हवी असेल तर आधी अजून एक डिग्री कर असं काही जण सुचवतात, मला नाही पटत ते. टक्क्यांची चाळणी मुख्यतः ऑनलाइन फॉर्मला असते, तिथे बऱ्याचदा सॉफ्टवेअरच नाव गाळतं, रिझ्युमे कोणी उघडतही नाही. म्हणून ओळखीतून रेफरल मिळव, म्हणजे कंपनीतलंच कोणी तुझं नाव पुढे करेल असं बघ, नाहीतर छोट्या कंपनीत ज्या टीममध्ये काम करायचंय त्या टीमच्या माणसालाच चार ओळींचा मेल टाक आणि सोबत केलेलं काम जोड, म्हणजे अकाउंट्समध्ये जायचंय तर एक्सेलमध्ये स्वतः केलेलं बँक रिकन्सिलिएशन (हिशोबातल्या नोंदी बँक स्टेटमेंटशी जुळवणं), कुठली एंट्री का जुळत नव्हती ते नीट सांगता आलं ना की बोलणं टक्क्यांवरून कामावर येतं. पहिला पगार कमी असला तर असू दे, पण शिकवणारा सीनियर आहे का ते इंटरव्ह्यूत विचारच. आणि टक्के खरेच लिही, जॉइनिंगच्या वेळी मार्कशीट तपासतात.