पगार महिन्याचा, खर्च वर्षाचा: कसं बसवायचं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. यजमान अंबडला एका कारखान्यात आहेत, हातात ३४,००० येतात. मी घरी ब्लाऊज आणि फॉल-पिकोची कामं करते. लग्नसराईत ९,०००-१०,००० सुटतात, आषाढात आणि पितृपक्षात जेमतेम ३,०००. घर सासऱ्यांनी बांधलेलं, त्यामुळे भाडं नाही. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत, सासूबाई ७६ वर्षांच्या.

हॉटेल, सिनेमा, ऑनलाइन खरेदी, यातलं काही नाही. तरी जून आणि दिवाळी आली की उसनवारी ठरलेली. गेल्या जूनला शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं क्रेडिट कार्डावर झाली. त्याचे २२,००० थकलेत. दर महिन्याला ‘किमान रक्कम’ भरतोय, पण आकडा खाली येत नाही. पतसंस्थेत ४०,००० ची ठेव आहे, ती आजारपणासाठी राखलेली. शिवाय गल्लीतल्या बारा जणींची दरमहा २,००० ची भिशी. माझी चिठ्ठी अजून निघालेली नाही.

ठेव मोडावी का? आणि दुसरं: सासूबाई म्हणतात एप्रिलात वर्षाचं धान्य भरा. यजमान म्हणतात एकरकमी पैसे आणायचे कुठून, महिन्याला पिठाची पिशवी आणलेली बरी. यावरून घरात रोज शब्दाला शब्द लागतो. कुणाचं ऐकू?

कराडची काकू

अगं, तू लिहिलंस त्यावरून उधळपट्टी कुठेच दिसत नाही. तेव्हा दूध कमी कर, फळं बंद कर असलं काही मी सांगणार नाही. पोरांच्या ताटातलं काढून शाळेची फी निघत नसते.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते, घरात सात माणसं. मी एकच गोष्ट नेमाने केली. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचे बारा भाग केले आणि पगाराच्या दिवशीच त्यातला एक भाग बाजूला काढला, किराण्याच्याही आधी. जून काही अचानक येत नाही गं. फी, विमा, घरपट्टी, दिवाळी, आहेर, धान्य, सगळं कधी येणार ते जानेवारीतच माहीत असतं. आपण महिन्याचा हिशेब महिन्याच्याच खर्चाशी लावतो, तिथे कोंडी होते. तुझे आकडे इथे लिही. आठवणीतले नकोत, पावत्या काढून बघ.

धान्याचं म्हणशील तर सासूबाईंचं बरोबर आहे आणि यजमानांची अडचणही खरी आहे. नवा गहू मार्च-एप्रिलात येतो, मिरची-चिंच त्याच सुमारास. उन्हाळ कांदा तर तुमच्याच जिल्ह्यातला, साठवायचा तोच. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो लागेल तसाच आणावा. पण हंगाम आहे म्हणून सगळंच भरू नकोस. तूरडाळ चार-सहा महिन्यांची पुरे, तेल महिन्याचं.

गव्हाला दोन-तीन कडक उन्हं दे आणि पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भर. गरम भरला की आत वाफ धरते आणि कीड लागते. मध्ये मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला घाल. कोठी विटांवर ठेव, भिंतीला टेकवू नकोस.

हिशेबनीस

ताई, मी सहकारी बँकेत होतो. आधी कार्डाचं बघा, धान्य नंतर.

कार्डाच्या थकबाकीला साधारण महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज लागतं. ३.५ टक्के धरलं तर २२,००० वर महिन्याचे ७७० रुपये, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ९०० च्या पुढे. किमान रकमेतला बराच भाग यातच जातो, म्हणून मुद्दल हलत नाही. थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. तुमच्या ठेवीला ८ टक्के मिळत असले तरी ४०,००० चे महिन्याला २६७ रुपयेच होतात.

ठेव मोडायची गरज नाही. पतसंस्थेत ठेव तारण कर्जाची चौकशी करा. ठेवीच्या व्याजापेक्षा बहुधा एक-दोन टक्के जास्त पडतात. १० टक्क्यांनी २२,००० चं व्याज महिन्याला १८३ रुपये. त्या पैशात कार्ड एकदम फेडा. भिशीची चिठ्ठी लागली की २४,००० हातात येतील, त्यातून हे कर्ज मिटवा. ठेव जागच्या जागी राहते.

आणखी एक, हे कळकळीने सांगतो. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं, २०२० पासून. ते सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. आजारपणाचा पैसा आहे, तेव्हा ठेवीची मुदत संपली की तो बँकेत किंवा पोस्टात न्या.

गोदाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. रात्री सगळ्या पावत्या घेऊन बसलो, यजमानही होते. शाळा १८,०००. धान्य-मसाला १६,०००. गाडीचा विमा आणि एक पॉलिसी ९,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ४,०००. दिवाळी १२,०००. आहेर आणि गावची यात्रा ७,०००. बेरीज ६६,०००! एवढी असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. महिन्याला ५,५०० कसे काढू?

कराडची काकू

दर महिन्याला सारखे काढायचेच नाहीत. तुझी कमाई हंगामी आहे, तिला हेच काम दे. घर यजमानांच्या पगारावर चालव आणि शिलाईचे पैसे त्यात मिसळू नकोस. लग्नसराईत ८,००० टाक, आषाढात २,००० टाक, वर्षाची बेरीज जमली म्हणजे झालं. कार्डाच्या हप्त्याचे सुटतील तेही त्यातच. त्यासाठी एटीएम कार्ड न घेता वेगळं बचत खातं उघड. पोस्टाची आरडी चांगली, पण ती पाच वर्षांची असते. दर जूनला मोडायच्या पैशाला तिचा उपयोग नाही.

यंदा पूर्ण ६६,००० जमणार नाहीत. तेव्हा आधी शाळा आणि विमा. धान्य यंदा चार महिन्यांचंच भर, पुढच्या एप्रिलात वर्षाचं. सासूबाईंना हिशेबाची वही दाखवून सांग, त्या नाही म्हणणार नाहीत.

गावाला एसटीनेच जा. ७५ च्या पुढच्यांना तिकीट नाही आणि बायकांना अर्धं आहे. सासूबाईंचं आधार कार्ड बरोबर असू दे.

अर्थिंगवाला

वहिनी, मी वायरिंगची कामं करतो. शिलाईच्या खोलीतला पंखा दिवसभर चालत असणार. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३० च्या. रोज १५ तास धरले तर महिन्याला २० युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १०० च्या वरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो आणि वाचतात ते हे वरचेच. घरातले सगळे पंखे बदलू नका. जो जास्त चालतो तो एकच, आणि तोही कार्ड फिटल्यावर.

गोदाकाठची

पतसंस्थेत विचारून आले. ठेव तारण मिळतंय, ठेवीपेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. सोमवारी कागद करायचे आहेत. काकू, गहू लोकवन घेऊ की शरबती?

कराडची काकू

शरबतीला भाव जास्त पडतो. रोजच्या पोळीला लोकवन छान. पण आधी पाच किलोच आण, दळून पोळ्या करून बघ, दुपारच्या डब्यात त्या मऊ राहतात का ते मुलाला विचार. मग त्याच दुकानातून त्याच मालाचं पोतं घे.